पुढचा दिवा काढला, तर मागचा का उडाला?

ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये इअरफोन विसरलो, अशा सगळ्यांसाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे सुटलं होतं ते इथे जरा नीट मांडलंय.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे आला. आपला एक श्रोता शिकायला अमेरिकेत, मिनेसोटात आहे. त्याने आणि दोन रूममेट्सनी मिळून एक जुनी स्नोमोबाइल घेतली. वीसेक वर्षं जुनी, टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायची, बॅटरी नाही. व्हिडिओंमध्ये शर्यतीच्या गाड्या बघून त्यांनी पुढचा हेडलाइट काढला, तिथे एक काळी प्लेट बसवली आणि वायरींना टेप गुंडाळली. दुसऱ्या दिवशी टेललाइटचा बल्ब उडाला. नवीन टाकला, तो दहा मिनिटांत उडाला. वर हँडलचे गरम होणारे ग्रिप इतके तापले की ग्लोव्ह्जमधूनही चटका बसायला लागला. त्याचा प्रश्न असा: "दादा, आम्ही पुढचा दिवा काढला. मागच्याला हातही लावला नाही. मग तो का जळतोय?"

प्रश्न मस्त आहे. उत्तरासाठी आधी गाडी समजून घेऊ.

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, आणि वर मोटरसायकलसारखं बसायचं सीट. गुलमर्गला हिवाळ्यात गेलेल्यांनी ती पाहिली असेल, काहींनी पैसे देऊन चक्करही मारली असेल. आपल्यासाठी ती गंमत आहे, पण जन्म गमतीसाठी झालेला नाही. कॅनडातल्या क्विबेकमधल्या वाल्कूर गावचा जोसेफ-आर्मां बोंबार्दिए तरुण मेकॅनिक होता, बर्फावर चालणारी गाडी बनवायच्या खटपटीत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद होते, आणि हॉस्पिटलपर्यंत नेता न आल्यामुळे तो गेला. पुढे १९३७ मध्ये बोंबार्दिएला त्याच्या पट्ट्याच्या चालणीचं पेटंट मिळालं. त्या पहिल्या गाड्या बंद डब्यासारख्या, पाच-सात माणसं बसतील अशा होत्या. एकट्यादुकट्याने चालवायची छोटी स्की-डू आली १९५९ मध्ये. इकडे अमेरिकेच्या बाजूला मिनेसोटातल्या रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्स या दोन छोट्या गावांतून पोलारिस आणि आर्क्टिक कॅट निघाल्या. म्हणजे आपला श्रोता अगदी माहेरघरी जाऊन बसलाय.

आता मूळ मुद्दा. या जुन्या गाड्यांत वीज कुठून येते?

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर होती, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. सिग्नलला गाडी उभी असली की हेडलाइट पिवळा, मिणमिणता. ॲक्सिलरेटर पिळला की लख्ख. कारण तिथे दिवा बॅटरीवर नव्हता, थेट मॅग्नेटोवर होता. इंजिनाच्या फ्लायव्हीलला आतून लोहचुंबक बसवलेले, त्यांच्या मध्ये तांब्याच्या कॉइल स्थिर. चुंबक फिरले की कॉइलमध्ये वीज तयार होते. जितकं जोरात फिरेल तितका व्होल्टेज जास्त. या स्थिर कॉइलच्या संचाला स्टेटर म्हणतात. आपल्या श्रोत्याच्या स्नोमोबाइलमध्ये अगदी हेच आहे, फक्त वेग फार मोठा. तिचं इंजिन उभं असताना मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेतं आणि पूर्ण जोरात आठ हजारांच्या आसपास जातं. म्हणजे कॉइलला मोकळं सोडलं तर व्होल्टेजही चारपट होणार. बल्ब मात्र बारा व्होल्टचा!

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि सगळं उत्तर तिच्यातच आहे. इंजिनाचा वेग वाढला की कॉइलमधला व्होल्टेज वाढतो, पण त्याचबरोबर कॉइलचा स्वतःचा, आलटत्या करंटला होणारा अडसरही वाढतो. दोन्ही साधारण एकाच चालीने वाढतात. परिणाम असा की बाहेर येणारा करंट एका मर्यादेपाशी जवळपास अडकून राहतो. सोप्या भाषेत, अशी कॉइल ठरावीक व्होल्टेज देत नाही, ती साधारण ठरावीक करंट ढकलते. समोर जे असेल त्यातून ढकलते.

गच्चीवर पाण्याची मोटर चालू आहे आणि तिला दोन नळ्या जोडल्यात असं समजा. एक जाड नळी बागेत, एक बारीक नळी कुंड्यांसाठी. दोन्ही निवांत वाहतायत. आता कुणीतरी जाड नळी बंद केली. मोटर काही ऐकत नाही, ती ढकलतच राहते. बारीक नळी फुगते, फवारा उडतो, शेवटी क्लॅम्पपाशी सुटते.

आता आकडे घाला. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब ६० वॅटचा, म्हणजे बारा व्होल्टवर ५ अँपिअर. टेललाइट ५ वॅटचा, म्हणजे जेमतेम ०.४ अँपिअर. दोन्ही मिळून साधारण साडेपाच अँपिअरची वाट. हेडलाइट काढला की साडेपाच अँपिअर ढकलू पाहणाऱ्या कॉइलसमोर उरला एक केसाएवढा फिलामेंट. बल्बचं गणित फार निर्दयी असतं. व्होल्टेज फक्त दहा टक्के वाढला तरी त्याचं आयुष्य साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतं. इथे तर दहा टक्क्यांची गोष्टच नाही.

म्हणून अगदी सुरुवातीच्या काही स्नोमोबाइलमध्ये, जिथे वीज आवरायला दुसरं काही नव्हतं, तिथे हेडलाइट हाच सगळ्या वायरिंगचा तोल होता. कॉइल आणि बल्ब एकमेकांना मोजून दिलेले. पुढचा बल्ब गेला की मागचा पाठोपाठ जाणार, हे ठरलेलं. आपल्या जुन्या स्कूटरवाल्यांनीही हे अनुभवलंय.

"पण दादा, माझ्या गाडीत रेग्युलेटर आहे," असं श्रोत्याने पुढच्या मेसेजमध्ये लिहिलं. बरोबर आहे, वीस वर्षांच्या गाडीत तो असतोच. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये बाइकच्या अशाच डबीला आर. आर. युनिट म्हणतात. या साध्या गाड्यांमधला रेग्युलेटर काय करतो? टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपचं काम. व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ लागला की तो क्षणभर कॉइलची वाट सरळ अर्थला जोडून देतो, जादाचा करंट तिकडे वळतो, पुन्हा सोडतो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. "हेडलाइटचे ६० वॅट आता रेग्युलेटरमध्ये जळणार, तो वितळणार." तसं नाही. अर्थला जोडलं की तिथला व्होल्टेजच कोसळतो, एखाद व्होल्टवर येतो. पाच अँपिअर गुणिले एक व्होल्ट म्हणजे पाच वॅटच्या आसपास उष्णता. धडधाकट रेग्युलेटर नीट बसवलेला असेल तर तो हे सहन करतो. म्हणजे हेडलाइट काढणं हे या गाडीच्या विजेसाठी आपोआप मरण नाही. पण आता सगळा भार त्या एका डबीवर आला. आधी ती कमजोर असली तरी हेडलाइट तिची अब्रू झाकत होता. आता झाकायला कुणी नाही.

आणि "नीट बसवलेला" हा शब्द लक्षात ठेवा.

मी त्याला मल्टिमीटर घ्यायला सांगितला. टेललाइटच्या सॉकेटवर, एसी व्होल्टवर. एसीवर का, तर या दिव्यांच्या सर्किटमध्ये वीज सरळ केलेलीच नसते. डीसीवर ठेवलंत तर मीटर शून्याजवळ काहीतरी दाखवेल आणि तुम्ही भलतंच शोधत बसाल. मीटर ट्रू आरएमएस असेल तर उत्तम, कारण रेग्युलेटर लाटा कापतो आणि साधं मीटर अशा कापलेल्या लाटेवर थोडं चुकतं. इंजिन उभ्या वेगावर ठेवून वाचायचं, मग हळूहळू अडीच-तीन हजारांपर्यंत. त्याच्या पुढे नाही, कारण साधारण तीन-चार हजारांच्या दरम्यान क्लच पकडतो आणि पट्टा फिरायला लागतो. पट्टा फिरत असताना मागे कुणी उभं राहायचं नाही, कधीच नाही. त्यात अडकलेला दगड किंवा सुटलेला खिळा गोळीसारखा मागे येतो. गाडी उघड्यावर ठेवून हे करा, बंद शेडमध्ये टू-स्ट्रोक चालू ठेवून मीटर बघत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आकडा चौदा-साडेचौदाच्या आसपास जाऊन थांबायला हवा. त्याचा वाढतच गेला. वीस, पंचवीस. तिथे त्याने इंजिन बंद केलं, शहाणपणा केला.

म्हणजे ओव्हरफ्लो चालतच नव्हता. रेग्युलेटर जळला होता का? त्याने फोटो पाठवला आणि मला हसू आलं, पण थोडं वाईटही वाटलं, कारण अशी चूक मीही केली असती. हेडलाइटचे मागचे बोल्ट काढायला हात जात नव्हता, म्हणून त्यांनी वाटेत आलेली एक छोटी ॲल्युमिनियमची डबी सोडवून बाजूला केली होती. ती परत बसवलीच नाही. वायरींवर लोंबकळत होती. त्या गाडीत रेग्युलेटरला अर्थची वेगळी वायर नाही, त्याची बॉडीच बोल्टमधून चासीला टेकून अर्थ मिळवते. बोल्ट निघाला, अर्थ गेला, पाइपचं तोंड बंद. शिवाय उष्णता जायचा रस्ताही तोच धातू होता.

डबी परत बसवायच्या आधी खालची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत कर, रंग आणि गंज काढ, मग आवळ, असं सांगितलं. हेडलाइट न लावताच पुन्हा मोजलं. तीन हजारांवर १३.८. तिथेच थांबलं. टेललाइट शाबूत, ग्रिप सुखद कोमट.

आता वायरींच्या टेपबद्दल. हेडलाइट काढला की त्याचा कपलर मोकळा राहतो आणि इंजिन चालू असताना त्यात वीज असते. साधी काळी टेप थंडीत कडक होते, तिचा डिंक सुटतो, एखाद्या दिवशी ती अख्खी सालीसारखी निघून येते. मग उघडी पिन ॲल्युमिनियमवर घासणार. त्यात बर्फ वितळून पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं आणि ती सड वायरीच्या आतून पुढे सरकते. म्हणून वायर कापायची नाही. कपलर तसाच ठेवायचा, त्यात डायइलेक्ट्रिक ग्रीस भरायचं, वरून बंद करणारी टोपी किंवा हीट श्रिंक, आणि एग्झॉस्टच्या पाइपपासून लांब, हलणाऱ्या भागापासून लांब बांधायचा. टू-स्ट्रोकचा तो फुगीर पाइप काहीशे अंशांवर तापतो. बॉनेटखाली पेट्रोलची नळी असते, ऑइल असतं, प्लास्टिक असतं. ठिणगीला आणखी काय हवं?

दुसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. हेडलाइट फक्त उजेड देत नाही, तो बॉनेटमधलं एक भोक बंद करतो. ते नीट बंद झालं नाही तर भुसभुशीत बर्फ आत उडतो, ड्राइव्ह बेल्टवर बसतो, वितळतो, आणि ओला बेल्ट घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. काळी प्लेट दिसायला छान आहे, पण तिच्या कडेला फोमची पट्टी लावली का, हे बघायला हवं.

आणि एलईडीवाल्यांनो, तुमची सुटका नाही. ६० वॅटचा हॅलोजन काढून १५ वॅटचा एलईडी लावला म्हणजे ४५ वॅटचा लोड काढलाच की! विजेच्या दृष्टीने तो तीन-चतुर्थांश काढलेला दिवाच आहे. शिवाय एसीवर चालायला न बनवलेला स्वस्त एलईडी एकतर फडफडतो किंवा मरतो. आणि एक मजेशीर तोटा म्हणजे हॅलोजनच्या काचेवर बर्फ बसला तर त्याच्या उष्णतेने वितळतो. एलईडीची काच पुढून थंडच राहते, बर्फ साचून राहतो, आणि नव्या कोऱ्या दिव्यातून उजेडच बाहेर येत नाही.

इतकं सगळं करून मिळतं काय? डोंगरात खोल बर्फात खेळणारे लोक वजन वाचवायला हेडलाइट काढतात, त्यासाठी तयार किटही मिळतात. वाचतं किती, तर एखाद-दोन किलो. गाडी दोनशे किलोच्या वर. दोन लिटर पेट्रोलचंच वजन दीड किलो होतं. आपल्या श्रोत्याला वजनाशी देणंघेणं नव्हतंच, त्याला लूक हवा होता. लूकसाठी मी नाही म्हणणार नाही, आम्ही पण बाइकचे आरसे काढून फिरलोय आणि दंड भरलाय. पण इथे हिशोब वेगळा आहे.

मिनेसोटात डिसेंबरमध्ये साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणजे कॉलेज सुटून गाडी काढली की अंधारच. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी दिसलं, मेंदूने ओळखलं, हात ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरा, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३३ मीटर संपले. त्यानंतर पट्टा बर्फावर घसरत थांबणार. चालू हेडलाइट असतानाही लोक त्याच्या उजेडाच्या पुढे धावतात आणि कुंपणाच्या तारेला, गोठलेल्या तळ्यावरच्या बर्फाच्या उंचवट्याला धडकतात. हेल्मेटवरच्या टॉर्चने हे काम होत नाही. मान वळली की उजेड वळतो, आणि समोरून येणाऱ्याला तुमची गाडी कुठे आहे ते कळत नाही.

दिवसाही तेच. जंगलातले हे ट्रेल अरुंद, दोन्ही बाजूंनी गाड्या येणारे. इंजिनाच्या आवाजात आणि हेल्मेटमध्ये दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. वळणावर झाडांमधून आधी दिसतो तो समोरचा दिवा. आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट बंद करायचं बटणच गेलं, त्यामागे हाच विचार होता: तुम्हाला दिसावं म्हणून नाही, तुम्ही दिसावं म्हणून.

टेललाइटच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. भुसभुशीत बर्फावरून स्नोमोबाइल गेली की तिच्यामागे पांढरा ढग उठतो. त्या ढगातून मागच्या माणसाला पुढची गाडी दिसत नाही, आकार दिसत नाही, काहीच दिसत नाही. दिसलाच तर एक लाल ठिपका. स्नोक्रॉसच्या शर्यतीत पुढचा हेडलाइट काढून तिथे नंबर लावतात, ते तुम्ही व्हिडिओत बघता. मागचा लाल दिवा मात्र भर दिवसा चालू असतो, ते बघत नाही. तिथले खेळाडू सगळे एकाच दिशेने जातात, बाजूला ॲम्ब्युलन्स उभी असते. तलावावरच्या ट्रेलवर तसं काही नसतं. म्हणजे त्या दोन दिवसांत, दोनदा टेललाइट उडालेल्या गाडीवर ही पोरं पुढे-मागे फिरत होती, ती माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात धोक्याची वेळ होती.

कायदा थोडक्यात. अमेरिकेतल्या बर्फाळ राज्यांचे आणि कॅनडाच्या प्रांतांचे नियम वेगवेगळे आहेत, पण अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा चालू हवा हा गाभा जवळपास सगळीकडे सापडतो. आपल्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचं स्नोमोबाइल पुस्तक मोफत मिळतं, ते वाचायचं. विद्यार्थी व्हिसावर असताना साध्या दंडाचंही टेन्शन किती येतं, ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. अपघात झाला आणि दिवा मुद्दाम काढलेला निघाला, तर विमा कंपनी काय म्हणेल याचाही अंदाज बांधा.

काल त्याचा मेसेज आला. हेडलाइट परत बसवलाय, काळी प्लेट रूमच्या भिंतीवर टांगलीय. बसवताना त्याने आणखी एक गोष्ट केली, जी मी सांगितली नव्हती: रेग्युलेटरच्या बॉडीपासून चासीपर्यंत अर्थची एक वेगळी वायर ओढली, दोन्ही टोकांना रिंग लावून. बोल्ट सैल झाला तरी अर्थ राहील. आणि सीटखालच्या पिशवीत, जास्तीच्या बेल्टशेजारी, टेललाइटचे दोन बल्ब.